गुलाबी स्पार्कलिंग वाईन घ्यायचीय, बजेट हजार-दीड हजार: पेण-रोह्यात बाटली निवडताना काय बघायचं?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. रोह्याजवळच्या एखाद्या वाडीत पोपटीचा बेत ठरतो. वालाच्या शेंगा कोण आणणार, मडकं कुणाच्या घरून येणार, भांबुर्ड्याचा पाला कोण तोडणार, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर वाटून होतं. मग कुणीतरी लिहितं, "या वेळी बीअर नको. ती गुलाबी फेसवाली आणूया ना, रीलमध्ये असते ती." सगळे अंगठे दाखवतात, जीपेवर पैसे जमा होतात. हजार, फार तर दीड हजार.

खरी अडचण पुढे येते. पेण किंवा रोह्यातल्या वाईन शॉपच्या जाळीसमोर उभं राहिल्यावर आतला माणूस विचारतो, "कुठली?" मागे क्वार्टर मागणाऱ्यांची रांग असते. बाटली हातात घेऊन, लेबल वाचून, विचार करून ठरवायला मॉलसारखी सोय नसते. मग बोट दाखवलं जातं ते रंगाकडे. आणि रात्री पहिला घोट घेतल्यावर अर्धा ग्रुप तोंड वाकडं करतो, "अरे ही तर आंबट आहे!"

बाटली खराब नसते. निवड रंगावरून झालेली असते, एवढंच.

गुलाबी म्हणजे गोड? नाही

रूह अफजा, गुलाब सरबत, स्ट्रॉबेरी मिल्कशेक. आपल्याकडे गुलाबी रंगाचं पेय म्हटलं की जिभेवर गोडच चव येते. वाईनमध्ये मात्र रंगाचा आणि गोडव्याचा काही संबंध नाही.

द्राक्षं काळी असोत की हिरवी, बहुतेक जातींचा रस आत फिकाच असतो. रंग असतो सालीत. काळ्या द्राक्षांचा रस सालीसकट बरेच दिवस ठेवला की रेड वाईन होते. काही तासच ठेवून सालं वेगळी केली की हलका गुलाबी रंग उतरतो. या वाईनला फ्रेंच शब्दावरून 'रोझे' म्हणतात. दुसरी पद्धत आणखी सोपी आहे. पांढऱ्या वाईनमध्ये थोडी रेड वाईन मिसळायची. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात गुलाबी शॅम्पेन करताना ही पद्धत सर्रास वापरतात.

या दोन्हींत साखर कुठेच आली नाही. साखरेचा निर्णय शेवटी, वेगळा घेतला जातो. तो लेबलवर एका शब्दात लिहिलेला असतो, आणि जाळीपलीकडच्या माणसाला विचारायचा शब्द तोच आहे.

'एक्स्ट्रा ड्राय' नावाची फसगत

स्पार्कलिंग वाईन किती गोड आहे हे सांगणारे शब्द युरोपातून आलेत आणि भारतीय कंपन्याही तेच वापरतात. लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर 'ब्रूट'. त्याहून कोरडी, म्हणजे 6 ग्रॅमपर्यंतची, 'एक्स्ट्रा ब्रूट'. 12 ते 17 ग्रॅम म्हणजे 'एक्स्ट्रा ड्राय'. 17 ते 32 ग्रॅम असेल तर 'ड्राय' किंवा 'सेक'. 32 ते 50 ग्रॅमला 'डेमी-सेक' म्हणतात आणि त्यापुढची सगळी 'डू', म्हणजे चक्क गोड.

आता परत एकदा बघा. 'एक्स्ट्रा ड्राय' ही ब्रूटपेक्षा जास्त गोड आहे. आणि नुसती 'ड्राय' त्याहून गोड! ही नावं ठेवली गेली तेव्हा युरोपात लोक शॅम्पेन आजच्यापेक्षा कितीतरी गोड पीत होते, त्या काळाच्या जिभेला 17 ग्रॅम म्हणजे कोरडंच वाटत होतं. नावं तशीच राहिली आणि गोंधळ आपल्या वाट्याला आला.

ग्रॅममध्ये कळत नसेल तर हिशेब असा करा. 750 मिलिलिटरच्या ब्रूट बाटलीत जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण दोन छोटे चमचे. तेवढ्याच डेमी-सेकमध्ये 24 ते साडेसदतीस ग्रॅम. ग्रुपमधले बहुतेक जण पहिल्यांदाच स्पार्कलिंग पिणार असतील आणि कोल्ड्रिंकची सवय असेल, तर ब्रूट आणून सगळ्यांची तोंडं वाकडी करण्यात काही शहाणपण नाही. एक्स्ट्रा ड्राय किंवा डेमी-सेक मागा. 'जाणकार लोक ब्रूटच पितात' असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या, पैसे तुमचे आहेत.

जेवणासोबत प्यायची असेल तर मात्र ब्रूटचा विचार जरूर करा. त्याकडे पुढे येऊ.

बुडबुडे कुठून येतात? किंमत तिथेच ठरते

दोन गुलाबी बाटल्या शेजारी उभ्या आहेत. एक साडेसातशेची, दुसरी सतराशेची. फरक कशाचा?

बराचसा बुडबुड्यांचा. साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. तयार वाईनमध्ये पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालून ती बंद जागी ठेवली की गॅस बाहेर जाऊ शकत नाही, वाईनमध्येच विरघळतो. ही बंद जागा प्रत्येक बाटलीच असेल तर ती 'पारंपरिक पद्धत'. यात बाटल्या महिनोन् महिने पडून राहतात, मग हळूहळू उलट्या करून गाळ मानेत आणतात, मान गोठवून गाळ उडवून टाकतात, साखरेचं प्रमाण ठरवून शेवटचं बूच लावतात. कष्टाचं आणि जागा अडवणारं काम. यीस्टसोबत राहिल्यामुळे अशा वाईनला भाजलेल्या पावासारखा, किंचित बिस्किटासारखा वास येतो.

दुसऱ्या पद्धतीत हेच सगळं स्टीलच्या मोठ्या बंद टाकीत होतं. इटलीची प्रोसेको अशीच बनते. वेळ कमी, खर्च कमी. चव साधी, ताजी आणि फळांची. आणि तिसरी, सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे सोडा मशीनसारखा वरून गॅस भरणं. त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि ग्लासात पटकन बसतात.

इथे एक गैरसमज आहे. पारंपरिक पद्धत महाग आहे म्हणून ती प्रत्येकाला जास्त आवडेल असं नाही. गुलाबी वाईनकडून बहुतेकांना स्ट्रॉबेरी, डाळिंब, कलिंगड अशी ताजी फळांची चव हवी असते, आणि ती टाकीतल्या वाईनमध्ये कमी पैशांत मिळते. हजाराच्या आत बजेट असेल तर चांगली टाकीवाली बाटली शोधणं हा कमीपणा नाही. उलट जेमतेम पैशांत 'पारंपरिक' शब्दामागे धावण्यात तोटा होऊ शकतो.

आणि हो, दुकानात 'शॅम्पेन द्या' म्हणू नका. म्हणजे म्हणा, समोरच्याला कळेल, पण जे मिळेल ते शॅम्पेन नसेल. शॅम्पेन फक्त फ्रान्सच्या त्या एका प्रांतातली. या नावाला भारतातही भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे.

मग मिळतं काय? नाशिकचीच बाटली का घ्यायची

परदेशी वाईनवर भारतात 150 टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे. त्यावर राज्याचे कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. त्यामुळे युरोपात जी रोझे प्रोसेको रोजच्या जेवणातली मानली जाते, ती इथे चैनीची होते. (रोझे प्रोसेको हा प्रकार अधिकृतपणे 2020 पासूनच सुरू झाला, इन्स्टाग्रामवर तो अचानक का दिसायला लागला त्याचं हेही एक कारण.)

महाराष्ट्रात मात्र उलटं चित्र आहे. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यात बनणाऱ्या वाईनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली. नंतर वाईनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के कंपन्यांना परत देण्याची योजनाही आली. त्यामुळे नाशिकची तीच बाटली दुसऱ्या राज्यात गेली की बहुतेक वेळा महाग होते. पेण-रोह्याच्या ग्राहकाला हा फायदा घरबसल्या मिळतो.

महाराष्ट्राला फेसाळ वाईन नवीनही नाही. सुला वगैरे नावं ऐकू येण्याच्या कितीतरी आधी, 1980 च्या दशकात, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांच्या शॅटो इंडेजने पारंपरिक पद्धतीची स्पार्कलिंग वाईन बनवली. 'ओमर खय्याम' या नावाने ती युरोपात विकली जायची. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, पण जुन्नरच्या पट्ट्यातली द्राक्षं लंडनच्या हॉटेलांत फेसाळली हे खरं.

आज गुलाबी स्पार्कलिंगमध्ये जी नावं समोर येतात त्यांत शँडन आहे. फ्रान्सच्या मोएत हेनेसी समूहाने नाशिकच्या दिंडोरीत वायनरी उभारली आणि 2013 मध्ये भारतात विक्री सुरू केली. त्यांची रोझे पारंपरिक पद्धतीची आणि या यादीत सहसा सगळ्यात महाग. दीड हजारांत ती बसेलच असं नाही. ग्रोव्हर झाम्पाची 'स्वारे ब्रूट रोझे' तिच्याहून खिशाला हलकी, शिराझ द्राक्षांची आणि नावाप्रमाणे ब्रूट. सुलाची 'ब्रूट ट्रॉपिकाल' पूर्ण गुलाबी नाही, पीचच्या सालीसारखी छटा असलेली आहे. आणि 'सेको रोझे' ही सुलाची स्वस्तातली, फळांच्या चवीची बाटली. फ्राटेली कंपनी सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज भागातली. त्यांची 'टिल्ट' कॅनमध्ये मिळते आणि त्यात गुलाबी फेसाळ प्रकारही आहे.

ढोबळ मानाने हजाराच्या आत सेकोसारख्या साध्या बाटल्या, हजार ते दोन हजारांत पारंपरिक पद्धतीच्या, असा अंदाज ठेवा. नेमका आकडा बाटलीवरच्या एमआरपीवर बघा, दर बदलत राहतात. दोघांसाठीच घ्यायची असेल तर कॅन हा सगळ्यात व्यवहारी पर्याय आहे. मोठी बाटली उघडली की संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी गोड-आंबट पाणी होते. मानेत चमचा अडकवून ठेवला की गॅस टिकतो असं सांगतात, पण तसं काही होत नाही. स्पार्कलिंगसाठी वेगळं घट्ट झाकण मिळतं, ते लावलं तर एक दिवस निघतो.

एक सावधगिरी. किराणा किंवा बेकरीत तीनशे-चारशेला मिळणारी, शॅम्पेनसारखी सोनेरी कागद गुंडाळलेली गुलाबी बाटली ही वाईन नसते. तो फेसाळ फळांचा रस असतो. ग्रुपमध्ये न पिणारे असतील तर तीही एक घ्याच, पण वाईन समजून नको.

वाईन शॉपमध्ये वाईन कमी का असते?

पाटी 'वाईन शॉप'ची आणि आत नव्वद टक्के व्हिस्की-बीअर, हा विनोद महाराष्ट्रभर सारखाच आहे. छोट्या शहरात तो जास्त जाणवतो, कारण स्पार्कलिंगच्या दोन-तीनच बाटल्या असतात आणि त्याही कधी आल्या हे कुणालाच आठवत नसतं.

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला, राजकारण तापलं आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. त्या वादात कोण बरोबर हा वेगळा विषय. ग्राहकापुरता परिणाम एवढाच, की शेल्फसमोर शांत उभं राहून लेबल वाचायची सोय मिळाली नाही. पेणमध्ये एखाद्या मुलीला बाटली घ्यायची असेल तर जाळीसमोरच्या रांगेतल्या नजरा झेलाव्या लागतात, हेही त्यातच आलं. 'बिअर अँड वाईन शॉपी' असेल तर आधी तिथे जा, तिथे कडक दारू विकत नाहीत, त्यामुळे गर्दी कमी असते. आणि जमलं तर सकाळी किंवा दुपारी जा. 31 ला संध्याकाळी गेलात तर मिळेल ती बाटली घ्यावी लागेल.

खरी परीक्षा: बाटली कुठे उभी होती?

ब्रँड आणि ब्रूट यांच्यापेक्षाही पेण-रोह्यासारख्या ठिकाणी महत्त्वाचा प्रश्न हा आहे. कोकणातला उकाडा, बंद शटर, पत्र्याचं छत आणि वर्षातून चार वेळा विकली जाणारी बाटली. एप्रिल-मेची उष्णता सोसलेली वाईन डिसेंबरमध्ये उघडली की फळांचा वास गेलेला असतो, रंग गुलाबीवरून कांद्याच्या सालीकडे झुकलेला असतो.

गुलाबी वाईनला आणखी एक शत्रू आहे, प्रकाश. रंग दिसावा म्हणून रोझे बऱ्याचदा पारदर्शक काचेत भरतात. हिरवी किंवा तपकिरी काच घातक किरण अडवते, पारदर्शक काच अडवत नाही. ऊन किंवा ट्यूबलाइटचा मारा बसला की वाईनला ओल्या लोकरीसारखा, उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. म्हणजे दुकानात सगळ्यात पुढे, दिव्याखाली, छान दिसावी म्हणून मांडलेली बाटली ही नेमकी घेऊ नये अशी बाटली असते.

म्हणून जाळीपलीकडे तीन गोष्टी सांगा. "शोकेसमधली नको, खोक्यातली द्या." "पॅकिंगची तारीख दाखवा." स्पार्कलिंग जुनी म्हणजे चांगली हा नियम स्वस्त बाटलीला लागू नाही, टाकीवाली वर्षभरातली मिळाली तर उत्तम, दोन वर्षांपुढची सोडून द्या. आणि तिसरं, बाटली हातात आल्यावर बूच बघा. बूच वर आलेलं, कागद चिकट झालेला किंवा वाईनची पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली असेल तर परत करा. थंड करून दिली म्हणून एमआरपीपेक्षा वीस-तीस रुपये जास्त मागितले तर द्यायचे नाहीत. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे, बिल मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

दोन्ही गावांत मनासारखं मिळालं नाही तर पनवेलला मोठी दुकानं आहेत, आणि पेण-रोहा दोन्ही पनवेलच्या रेल्वेमार्गावरच येतात. येताना बाटली बॅगेत हलेल, त्यामुळे आणल्या आणल्या उघडू नका. रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवा.

"गोव्याहून आणतो ना, निम्म्यात!"

प्रत्येक ग्रुपमध्ये हे म्हणणारा एक जण असतोच. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे, कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासूनच सुरू होते. त्यामुळे हा मोह इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त.

पण गोव्यात विकायच्या बाटलीवर फक्त गोव्यातच विक्रीसाठी असं छापलेलं असतं. ती वाहतूक परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. वर्षअखेरीला राज्य उत्पादन शुल्क विभागाची तपासणी वाढते. तीन-चारशे रुपये वाचवायला गाडीसकट अडकण्याचा धोका घ्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय नाशिकच्या वाईनवर महाराष्ट्रातच करसवलत असल्यामुळे व्हिस्कीइतका फरक वाईनमध्ये पडतोच असं नाही. आणि बारा तास डिकीत तापलेल्या रोझेचं काय होतं ते वर आलंच आहे.

कायद्याचं उरलेलं थोडक्यात: महाराष्ट्रात वाईन आणि सौम्य बीअरसाठी किमान वय 21, कडक दारूसाठी 25. दारू पिण्याचा परवाना हा प्रकार कागदावर अजून आहे, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. 'ड्राय डे' तपासूनच बेत आखा. जिल्हाधिकारी स्थानिक पातळीवरही तो जाहीर करू शकतात.

पोपटीसोबत जमेल का?

जमेल, आणि चांगलं जमेल. पोपटीत तेल नाही, पाणी नाही, मसाला जेमतेम. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, मीठ, अंडी, चिकन, आणि बाहेरून जाळ. वालाच्या शेंगांना येणारा धुरकट, किंचित कडसर वास आणि चिकनची वाफ यांना ब्रूट रोझेचा आंबटपणा उचलून धरतो. पांढरी स्पार्कलिंग कधीकधी धुरापुढे फिकी पडते. सालीतून आलेल्या रंगासोबत गुलाबी वाईनमध्ये थोडं जास्त अंग आलेलं असतं, ते इथे कामाला येतं.

त्याहून सोपी जोडी म्हणजे पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडं. खारट, तळलेलं, कुरकुरीत. परदेशात लोक शॅम्पेनसोबत बटाट्याचे वेफर्स खातात, त्यापेक्षा मिरगुंड केव्हाही चांगलं. रव्यात घोळवलेले बोंबील, कोलंबी फ्राय हेही बसतं. जमत नाही ते झणझणीत. सुक्या जवळ्याची तिखट चटणी किंवा मटणाचा लाल रस्सा असेल तर बुडबुडे तिखट आणखी पेटवतात. तिथे थोडी गोड, एक्स्ट्रा ड्राय बाटली बरी. उकडीच्या मोदकासोबत ब्रूट तर अजिबात नको. गुळापुढे ती लिंबाच्या पाण्यासारखी लागते.

थंड कशी करायची, उघडायची कशी

6 ते 8 अंश हे योग्य तापमान. फ्रीजमध्ये तीन-चार तास. वाडीवर फ्रीज नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवा, अर्ध्या तासात होते. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर थंड करतो. मासळी बाजारातला बर्फ बादलीसाठी चालेल, ग्लासात टाकू नका. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटू शकते.

बाटलीच्या आत गाडीच्या टायरच्या अडीच-तीन पट दाब असतो, त्यामुळे रीलमधल्यासारखी हलवून बूच उडवायचा मोह आवरा. एक तर डोळ्याला इजा होऊ शकते, आणि दुसरं म्हणजे दीड हजारांतले चारशे रुपये जमिनीवर सांडतात. कागद काढा, बुचावर अंगठा ठेवूनच तारेची जाळी सैल करा, बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. 'ठो' नाही, 'फुस्स' असा आवाज यायला हवा. ग्लास साबणाचा अंश न राहता धुतलेले हवेत, साबणाने बुडबुडे मरतात. उंच ग्लास नसला तर साधा काचेचा चालतो.

किती जणांना पुरेल? 125 मिलिलिटरचे सहा ग्लास. दहा जणांचा ग्रुप असेल तर एका बाटलीत फक्त चिअर्स होईल, हे आधीच सांगून टाका. आणि 'ही काय, सरबतच आहे' असं समजून कुणी एकट्याने बाटली संपवू नये. 12 टक्क्यांच्या 750 मिलिलिटर वाईनमध्ये 90 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 180 च्या क्वार्टरमध्ये साधारण 77 असतं. म्हणजे ही गुलाबी बाटली क्वार्टरपेक्षा जास्त आहे, आणि बुडबुड्यांमुळे लवकर चढते. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे. वाडीवरून रोहा किंवा पेणला परत जाताना गाडी कोण चालवणार हे पैसे गोळा करतानाच ठरवा, आणि त्या माणसासाठी बेकरीतली ती फेसाळ रसाची बाटली घ्या. रंग सारखाच असतो, फोटोत कळत नाही.